सारीपाट, मोक्षपट आणि खेळाडूची निवड : एक धागा

१/ बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात दिंद्रुड हे गाव आहे. मराठवाड्यातील अशा गावांत चातुर्मासात पोथी लावण्याची रीत जुनी. एक अध्याय वाचायचा, पोथी फडक्यात बांधायची, उरलेली कथा उद्या. आजचे भागाभागांनी येणारे कथाप्रधान व्हिडिओ गेमही कथा अशीच राखून ठेवतात. मात्र पुढे काय करायचे, हे ते खेळणाऱ्याला विचारतात. हे विचारणे कितपत खरे असते? उत्तरासाठी जुन्या पटांकडे जावे लागते.

२/ आरंभ वेरूळपासून. तेथील २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात आणि २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यात शिव-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. डाव देवांचा असला तरी त्यात रुसवा आहे, आग्रह आहे, हरल्याची चिडचिड आहे. म्हणजे फाशांच्या खेळात कथा असते, हे शिल्पकाराला पुरते ठाऊक होते.

३/ घरोघरी खेळला जाणारा सारीपाट पाहा. कापडी पटाला चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत २४ घरे, एकूण ९६. चौघांच्या मिळून १६ सोगट्या. कवड्यांचे दान कोणते पडेल ते खेळाडूच्या हाती नाही. पण त्या दानावर कोणती सोगटी चालवायची, हे त्यानेच ठरवायचे. मागची वाचवावी की समोरच्याची मारावी? दान दैवाचे आणि चाल आपली, असा हा खेळ आहे.

४/ मोक्षपटाची रीत याच्या उलट. सापशिडीचा हा पूर्वज. प्रत्येक घराला नाव असते : कुठे सद्गुण, कुठे दुर्गुण, कुठे एखादा लोक. शिडी पुण्याने वर नेते, साप पापाने खाली आणतो, शेवटचे घर मुक्तीचे. खेळाडूपाशी एकच सोगटी, त्यामुळे चाल निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जन्मापासून मोक्षापर्यंतची सगळी कथा येथे आहे; निवड मात्र कोठेच नाही.

५/ या खेळाचे श्रेय महाराष्ट्रात संत ज्ञानेश्वरांना दिले जाते. परंपरा म्हणून तिचा आदर करावा. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे थांबावे. ज्ञानेश्वरांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध, तर आज उपलब्ध असलेले जुने पट बहुतांशी अठराव्या शतकातील व नंतरचे. शिवाय जैन, वैष्णव आणि सूफी अशा वेगवेगळ्या परंपरांचे पट आढळतात. एकाच कर्त्याचे नाव सांगण्याइतका पुरावा हाती नाही.

६/ तत्त्वज्ञान कापडावर मांडण्याची कल्पना मात्र याच जिल्ह्यात ठळकपणे दिसते. अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरणाचा विषय सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर आकृत्यांसह लिहून काढला. ती खेळाचा पट नव्हे. तरीही एवढ्या लांब वस्त्रावरचा मजकूर वाचायचा तर नजरेला वाट चालावी लागते, हे तिच्याकडे पाहताना जाणवते.

७/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापशिडी इंग्लंडमध्ये पोहोचली. भारतीय पटांवर बहुधा शिड्यांपेक्षा साप अधिक असत. मुक्तीची वाट अवघड, हा त्याचा अर्थ. इंग्लंडमध्ये कालांतराने दोहोंची संख्या समान होत गेली आणि घरांवरची नावेही गळाली. नियम तेच राहिले, कथा मात्र पुसली गेली.

८/ आता पोथी. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ १७०२ चा, ‘रामविजय’ १७०३ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा. शेवटच्या ग्रंथाचे ६४ अध्याय. युधिष्ठिर हरणार, हे श्रोत्यांतील लहान मुलालाही माहीत असते. तरी द्यूताचा प्रसंग आला की सभा स्तब्ध होते. शेवट ठाऊक असल्याने उत्कंठा मरत नाही.

९/ त्या प्रसंगाचा गाभाच निवडीचा आहे. फासे शकुनीचे, पण पणाला काय लावायचे हे युधिष्ठिराने ठरवले. पहिल्या डावात गेलेले परत मिळाल्यावर दुसऱ्या डावाचे बोलावणे आले, तेव्हाही तो गेला. आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का, हा द्रौपदीचा प्रश्न दैवाबद्दल नाही. तो खेळणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल आहे.

१०/ या पार्श्वभूमीवर २०१२ चा ‘द वॉकिंग डेड’ हा टेलटेल कंपनीचा गेम पाहावा. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात त्याचे पाच भाग आले. पहिल्या भागात कार्ली आणि डग यांपैकी एकालाच वाचवता येते. पण जो वाचतो, तोही तिसऱ्या भागात मरतो. नायक लीचा शेवटही टळत नाही. खेळाडूने काहीही निवडले, तरी कथा त्याच मुक्कामी पोहोचते.

११/ म्हणून निवड हा केवळ भास, असा आक्षेप अनेकांनी घेतला. आक्षेप अर्धा खरा आहे. प्रत्येक निवडीला वेगळी कथा लिहायची, तर दहा निवडींनंतर हजाराहून अधिक फाटे होतात. कोणताही लेखकवर्ग ते पेलू शकत नाही. म्हणून फाटे पुन्हा मूळ वाटेवर आणले जातात. सापाने खाली आणावे, तसेच हे.

१२/ उरलेला अर्धा भाग युधिष्ठिराकडे पाहिल्यावर कळतो. त्या गेममध्ये लहानगी क्लेमेंटाइन लीचे वागणे पाहत असते आणि लक्षात ठेवते. प्रत्येक भागाअखेर इतर खेळाडूंनी काय निवडले, याची टक्केवारी दिसते. शेवट सर्वांना एकच मिळतो. पण तेथवर आपण कसे वागलो, याचा जाब प्रत्येकाला वेगळा द्यावा लागतो. पोथीतील श्रोत्याला तो द्यावा लागत नव्हता.

१३/ सारीपाटाने निवड दिली, मोक्षपटाने नैतिक वाट दिली, पोथीने उद्याची ओढ दिली. या तिन्ही गोष्टी एका पडद्यावर आल्या, एवढेच येथे म्हणायचे आहे. आधुनिक गेम आपल्याकडूनच गेला, असा दावा यात नाही. मात्र घरातील जुन्या पेटीत एखादा कापडी पट सापडला, तर त्याची घरे मोजावीत आणि त्यांवरील नावे उतरवून घ्यावीत. नावे गळाली की काय हरवते, हे सापशिडीने दाखवलेच आहे.

धागा समाप्त.