मुंबईचा प्लेग आणि साथीचे गणित

रोगप्रतिबंधक टोचणीचा हिशेब गणिताने मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न देवीच्या रोगासंबंधी झाला. देवीच्या फोडांतील द्रव्य निरोगी माणसाला टोचण्याची, जेनरच्या लसीपूर्वीची जी पद्धत होती, ती सर्वांना लागू केल्यास सरासरी आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढेल, असे डॅनिएल बर्नुली याने १७६० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. हा हिशेब अतिशय बुद्धिमान होता. परंतु एकाला टोचल्याने त्याच्या न टोचलेल्या शेजाऱ्याचाही धोका घटतो, ही बाब त्यात आलेली नव्हती.

तिला जागा देणारी मांडणी १९२७ मध्ये एडिंबरा येथील दोन संशोधकांनी प्रसिद्ध केली. तिचे एक कर्ते विल्यम केरमॅक हे प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ होते, तर दुसरे, अँडरसन मॅकेंड्रिक, हे हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढलेले डॉक्टर होते. त्यांनी लोकसंख्येचे तीन भाग कल्पिले : ज्यांना रोग होऊ शकतो असे, ज्यांच्यापासून तो पसरतो असे, आणि बरे होऊन किंवा मृत्यू पावून साथीच्या बाहेर गेलेले. नव्या रुग्णांची संख्या पहिल्या दोन भागांच्या गुणाकारावर अवलंबून असते, असे धरल्यास पहिला भाग एका ठरावीक उंबरठ्याखाली येताच साथ ओसरू लागते, आणि त्या वेळी रोग न झालेले पुष्कळ लोक शिल्लकच असतात, असा निष्कर्ष निघतो. लसीकरणाचे सामर्थ्य याच उंबरठ्यात आहे, कारण लस माणसाला रोग न होताच पहिल्या भागातून बाहेर काढते. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात, सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो असे मानतात. त्यामुळे तेथे सुमारे ९२ ते ९५ टक्के लोक सुरक्षित झाल्याशिवाय साथ अडत नाही.

या सिद्धांताच्या पडताळ्यासाठी निवडलेले आकडे मुंबईचे होते. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचा चढ-उतार समीकरणातून निघालेल्या वक्ररेषेशी विलक्षण जुळला, आणि तो आलेख पुढे पाठ्यपुस्तकांतून वारंवार छापला गेला. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग असून तो पिसवांमार्फत माणसांत येतो, याची लेखकांना जाणीव होती आणि त्यांनी ती नोंदवलीही. तथापि मुंबईत प्लेग वर्षानुवर्षे थंडीत वाढत असे व कडक उन्हाळ्यात उतरत असे. तेव्हा १९०६ चा उतार रोगप्रवण माणसे घटल्यामुळे आला, यापेक्षा ऋतुमान व उंदीर यांच्यामुळे आला, हे मत अधिक सयुक्तिक ठरते.

लसीच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांची तुलना केली. टोचलेल्याला लाभ होतो का, हे अशा तुलनेतून कळत होते. परंतु गाठीच्या प्लेगचा साठा उंदरांत असल्यामुळे माणसांना कितीही लस दिली तरी उंदरांमधील साथ चालूच राहणार होती, आणि न टोचलेल्या शेजाऱ्याचा धोका जवळजवळ तेवढाच उरणार होता. उंबरठ्याच्या सिद्धांताला ज्या शहराने आपले मृत्यूंचे आकडे पुरवले, त्या शहराच्या त्या रोगाला लसीकरणासंबंधीचा त्याचा मुख्य निष्कर्ष लागू पडत नव्हता.