किशोरांच्या मनाला आधार : कळंबकरांना मदत कोठे मिळेल?

कळंब : चिंतामणीच्या मंदिरासाठी ओळखले जाणारे कळंब यवतमाळपासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. अंतर फार नाही. पण मुलगी रात्रभर जागते, दहावीचे पुस्तक उघडताच रडू लागते, एवढ्यावरून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास सहसा कोणी निघत नाही. मोबाइल मात्र घरात येऊन बसला आहे. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले होते. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होत्या.

सर्वांत जवळची मदत फोनवरच आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येते. मुलाचीच तयारी नसेल, तर पालक वा शिक्षकांनाही सल्ला घेता येतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाअंतर्गत १० ते १९ वयोगटासाठी शासकीय रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालविली जातात. पुढील उपचारांसाठी यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यास मनाच्या आजाराची ओळख नवी नाही. ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांच्या मनःस्थितीची विचारपूस करीत. त्याच उंबरठ्याआड वाढणाऱ्या मुलांना तोच प्रश्न विचारणे अवघड नसावे.

झोप उडणे, मित्र तोडणे, आवडीचा खेळ सोडणे, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलणे ही लक्षणे दोन आठवडे टिकली, तर ‘वयच असे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. अखेरच्या लक्षणासाठी तर एक दिवसही थांबू नये. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. फोन हिसकावून घेणे हा अनेक घरांतील पहिला उपाय. पण मुलाचे मन मोकळे करणारा एकमेव मित्र त्याच फोनवर असू शकतो. रात्री सर्वांचेच फोन, आईवडिलांचेही, एका जागी ठेवणे अधिक उपयोगी.

शाळांवरही जबाबदारी आहे. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर या नेमणुकीचीही चौकशी पालकांना करता येईल.