जिनातली रात्र, आखाजीचा झोका

1884-85 साली मुंबई सरकारच्या फॅक्टरी आयोगापुढे खानदेशातल्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगबद्दल ज्या साक्षी झाल्या, त्या आजही अंगावर येतात. पहाटे चार-पाचला सुरू झालेलं काम रात्री आठ-नऊला थांबे, आणि हा झाला साधा दिवस. मार्च-एप्रिलात कापसाचा हंगाम भरात आला की तेच मजूर सलग आठ-आठ दिवस, दिवसरात्र यंत्रापुढे उभे. मजूर कोण? बहुतेक बायाच. त्यातल्या एखाद्या तरण्या पोरीला आपल्या आवडत्या माणसासोबत दोन दिवस कुठं जावंसं वाटत असेल का, हे आयोगानं विचारलं नाही. तिला आधी झोप हवी होती.

अमेरिकेतल्या यादवीनं (1861-65) कापसाचे भाव चढले, रेल्वे भुसावळपर्यंत आली, आणि जळगाव-धुळ्याकडे जिनांची धुराडी उभी राहिली. 1881 चा फॅक्टरी कायदा होता, पण तो लहान मुलांपुरता. मोठ्यांच्या तासांना त्यानं हात लावला नाही.

रविवार आला तो मुंबईहून. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 24 एप्रिल 1890 रोजी भरवलेल्या सभेला दहा हजार गिरणी कामगार जमले आणि दोन कामगार बायांनी भाषणं केली. त्या काळात हे साधं नव्हे. 10 जून 1890 ला मुंबईच्या मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. पुढच्याच वर्षी कायद्यानं आठवड्याची सुट्टी दिली आणि बायांचा दिवस अकरा तासांवर आणला. त्या एका दिवसात धुणं, दळण, सरपण, पाणी. सुट्टी होती खरी. ती घरानं खाल्ली.

खानदेशी बाईची हक्काची सुट्टी मात्र कुठल्या कायद्यात नव्हती. ती होती आखाजी. अक्षय्य तृतीयेला माहेरचा मुराळी घ्यायला यायचा, लेक माहेरी जायची. झाडाला झोके बांधलेले, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. बाप्ये पत्त्यांच्या डावात गुंग, त्यामुळे बायांवर नजर ठेवायलाही फारसं कुणी मोकळं नसे! सालदाराचं सालही आखाजीलाच सरायचं, नवा करार त्याच दिवशी. जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (1880-1951) तेराव्या वर्षी लग्न होऊन सासरी गेल्या; या सणावर त्यांचं एक अख्खं गाणं आहे. पण या सुट्टीत एक गोम होती. नवरा सासरीच राहायचा. मोकळीक मिळायची ती जोडीदारापासून दूर, आईच्या अंगणात. मनातल्या माणसासोबत कुठं जाणं या हिशोबात बसतच नव्हतं.

सातपुड्याच्या पायथ्याला गणित वेगळं. चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांत होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. पावरा-भिल्ल पोरंपोरी नटूनथटून, ढोल-पावरीच्या नादात येतात. बाहेरचे लोक त्याला ‘लग्नाचा बाजार’ म्हणतात, ते समाजातल्या जाणत्यांना मान्य नाही. हा होळीचा बाजार आहे, असं ते सांगतात, आणि ते रास्तच आहे. एकमेकांना आवडलेली जोडी पळून गेलीच, तर पंच बसून देज, म्हणजे वधूमूल्य, ठरवण्याची रीत या समाजांत जुनी. भानगड तिथंही होते, पण तिला मिटवायची वाट असते.

गावातल्या नोकरदार पोरीला तशी वाट नाही. दवाखान्यात, डाळ मिलमध्ये, कापडदुकानात, बँकेत ती कमावते. बँकांचे दुसरे-चौथे शनिवार 1 सप्टेंबर 2015 पासून बंद झाले. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 ला मिळाला. तो दिवस शनिवारच होता, आणि महिना उलटायच्या आत टाळेबंदी आली. दुकान-दवाखान्यातल्या पोरीपर्यंत ही जोडसुट्टी पोचलीच नाही. तिला मिळते एकच सुट्टी, तीही मालक सांगेल त्या वारी. मग मनातल्या माणसासोबत जायला मैत्रिणीच्या हळदीचं निमित्त, ओढणीनं बांधलेलं तोंड आणि सकाळी निघून दिवेलागणीला परत. एका दिवसात सातपुड्यातलं तोरणमाळ उरकत नाही. जळगावहून अजिंठा जवळ, साठेक किलोमीटर. फक्त सुट्टी सोमवारची असेल तर अडचण आहे, कारण सोमवारी लेणी बंद असतात.