पहिल्या खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे

ऑक्टोबर १८४७. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात, पहिल्या प्रसूती विभागाच्या दारात तुम्ही उभे आहात. भोवती तुमच्यासारखेच वैद्यकीचे विद्यार्थी. सकाळ शवविच्छेदनात गेली आहे. दाराशी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याचं भांडं आहे. हात बुडवा, नखं घासा. वास नाकाला झोंबेल, कातडी चरचरेल. पण साबणाने न जाणारा मढ्याचा वास या पाण्याने जातो, म्हणून तर इग्नाझ सेमेलवाइसने ते निवडलं.

हा हंगेरियन डॉक्टर अवघा २९ वर्षांचा आहे. शेजारच्या विभागात सुईणी शिकतात, तिथे बाळंतिणी कमी दगावतात. तुमच्या विभागात एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ गेल्या. दाखल होणाऱ्या बायका शेजारच्याच विभागात जागा द्या म्हणून हातापाया पडत. मार्चमध्ये सेमेलवाइसचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनात सुरी लागून वारले, आणि त्यांच्या देहात त्याला बाळंतिणींना मारणाऱ्या सूतिकाज्वराच्याच खुणा दिसल्या. मढ्यातलं विष हातांवरून बाळंतिणींकडे जातं, असं त्याने ताडलं, आणि मे महिन्यात हे भांडं दाराशी आलं. जूनमध्ये मृत्यू शंभरी दोनावर उतरले.

राउंड सुरू होतो. पहिल्या खाटेवरच्या बाईला गर्भाशयाचा कर्करोग आहे, स्राव वाहतो आहे. तुम्ही तिला तपासता, साबणपाण्याने हात धुता आणि पुढच्या खाटेकडे वळता. कुणीच अडवत नाही. विष मढ्यातून येतं असं सगळे धरून चाललेत, आणि ही बाई तर जिवंत आहे! तुमचं मनगट धरून तुम्हाला तिथेच थांबवावं, असं मला फार वाटतं. लुई पाश्चर आज जेमतेम २४ वर्षांचा आहे. जंतूंचं कोडं उलगडायला अजून काही दशकं आहेत. तिसरी खाट. चौथी. त्या वेळी बाळंत होणाऱ्या १२ जणींपैकी ११ जणी मरतात.

सेमेलवाइस ते मृत्यू नजरेआड करत नाही. सडका स्राव जिवंत देहातूनही हातावर येतो, हे तो ओळखतो आणि नियम बदलतो: अशा रुग्णाला तपासलं की पुढच्या खाटेआधी पुन्हा चुन्याचं पाणी. शिवाय असे रुग्ण बाळंतिणींपासून वेगळे ठेवायचे. विद्यार्थी कुरकुरतात. वरिष्ठांना हे पटत नाही. तुमच्याही बोटांना भेगा पडल्या आहेत. तरी हात बुडवा.

मार्च १८४८ मध्ये या विभागात एकही बाळंतीण दगावणार नाही.