मागची चाके ताळ्यावर आणण्याचा इतिहास

वळणावर मागची चाके पुढच्या चाकांआधी पकड सोडतात, तेव्हा गाडी चालकाने मागितले त्याहून जास्त वळते आणि तिचा मागचा भाग वळणाच्या बाहेर फेकला जातो. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. पुढची चाके आधी घसरली आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ लागली, तर तो अंडरस्टिअर. शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये गाडीचे ‘सेटअप’ उघडले की टायरमधली हवा, स्प्रिंग, वळणावर गाडीचे कलणे रोखणारा अँटी-रोल बार, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल आणि पंख यांच्या सरकपट्ट्या दिसतात. या पट्ट्या खेळ बनवणाऱ्यांच्या कल्पनेतून आलेल्या नाहीत. रस्त्यावरच्या आणि शर्यतीतल्या गाड्यांनी दिलेला त्रास आणि त्यावर शोधलेले उपाय यांतून त्या घडल्या आहेत.

मोटारीच्या पहिल्या काही दशकांत एखादी गाडी ‘वळणावर बरी’ आणि दुसरी ‘धोक्याची’ एवढेच चालक सांगू शकत. या अनुभवाला शास्त्राची बैठक देण्यात मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याचा मोठा वाटा आहे. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले ऑली १९३० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आले. टायर ज्या दिशेला रोखलेला असतो, त्या दिशेला तो वळणावर तंतोतंत जात नाही. दाबाखाली तो थोडा बाजूला सरकत जातो आणि त्यातून एक कोन तयार होतो. मागच्या टायरांचा हा कोन पुढच्यांपेक्षा मोठा झाला की ओव्हरस्टिअर, लहान राहिला की अंडरस्टिअर, अशी मांडणी त्या काळात रूढ झाली. ओव्हरस्टिअर असलेली गाडी एका ठरावीक वेगापलीकडे अस्थिर होते, हेही गणिताने दाखवता आले. त्यामुळे सामान्य चालकाला विकायच्या गाडीत थोडा अंडरस्टिअर ठेवावा, हा कारखान्यांचा नियम झाला.

उपायांचे मूळ टायरच्या एका गुणात आहे. टायरवर भार वाढला की पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. हे हस्तांतर जितके जास्त, तितकी त्या जोडीची एकूण पकड कमी. पुढची आणि मागची जोडी यांपैकी जिची स्प्रिंग किंवा अँटी-रोल बार जास्त कडक, ती या हस्तांतराचा मोठा वाटा उचलते आणि आधी पकड गमावते. म्हणून मागचा बार सैल करणे किंवा पुढचा कडक करणे हा ओव्हरस्टिअरवरचा जुना आणि आजही पहिला उपाय आहे.

हा प्रश्न सर्वांत तीव्र झाला तो मागे इंजिन असलेल्या गाड्यांत. फर्डिनांड पोर्शे यांच्या रचनेतून उतरलेल्या आणि १९३४ पासून शर्यतीत धावणाऱ्या ऑटो युनियन गाड्यांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते आणि मागचा ॲक्सल झोके खाणाऱ्या रचनेचा होता. प्रचंड शक्तीमुळे वळणाबाहेर पडताना आतले चाक जागीच फिरे. त्यावर जर्मनीच्या झेडएफ कंपनीने १९३५ मध्ये मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल दिले. गेममधील डिफरन्शियलची पट्टी याच यंत्राची आहे. ॲक्सिलरेटर दाबताना दोन्ही मागची चाके फार घट्ट जखडली, तर ती एकदमच सुटतात आणि मागचा भाग फिरतो. उलट ॲक्सिलरेटर सोडताना थोडे जखडणे गाडीला स्थिर ठेवते. म्हणून या दोन्हींसाठी वेगळे आकडे द्यावे लागतात.

अमेरिकेत १९६० चे मॉडेल म्हणून आलेल्या शेवरले कॉर्व्हेअरने हा विषय थेट सार्वजनिक वादात आणला. इंजिन मागे आणि मागचा ॲक्सल झोक्याचा अशा या गाडीत पुढचा अँटी-रोल बार दिलेला नव्हता. त्याऐवजी कंपनीने पुढच्या टायरमध्ये सुमारे १५ आणि मागच्या टायरमध्ये सुमारे २६ पौंड हवा ठेवण्यास सांगितले होते. पुढची पकड मुद्दाम कमी करून तोल साधण्याचा हा मार्ग होता. पण पेट्रोल पंपावर चारही चाकांत सारखीच हवा भरली की तो तोल मोडे. १९६४ च्या गाड्यांत पुढचा बार आला आणि १९६५ मध्ये मागची रचनाच बदलली. त्याच वर्षी अमेरिकी वकील राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने कॉर्व्हेअरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. अमेरिकी सरकारच्या १९७२ च्या अहवालाने मात्र ती समकालीन गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नसल्याचे म्हटले. मागेच इंजिन असलेल्या पोर्शे ९११ मध्येही चालकाने वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग सुटे. सुरुवातीला काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये वजने बसवण्यात आली. १९६९ च्या मॉडेलमध्ये दोन ॲक्सलमधले अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर करण्यात आले.

भारतात मागे इंजिन असलेल्या या घराण्याची सर्वांत परिचित गाडी पुण्यात आकाराला आलेली टाटा नॅनो होय. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती दाखवण्यात आली. तिचे दोन सिलिंडरचे ६२४ सीसी इंजिन मागे होते. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंदीचे आणि मागचे १५५ मिलिमीटर रुंदीचे होते. मागे जास्त भार असलेल्या गाडीत मागची पकड वाढवून पुढची मर्यादित ठेवण्याचा कॉर्व्हेअरच्या काळातला विचारच इथे टायरच्या मापातून राबवला गेला. चालक हवेचा दाब विसरला तरी टायरची रुंदी बदलत नाही, हा या मार्गाचा फायदा.

जबलपूरची जोंगा हे याच्या नेमके उलट उदाहरण आहे. निसान पेट्रोल या जपानी गाडीवर आधारलेली ही लष्करी गाडी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनत असे आणि जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. सुमारे चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन तिच्या पुढच्या भागात होते. लष्कराच्या लिलावातून खासगी मालकांकडे गेलेल्या अनेक जोंगांत नंतर डिझेल इंजिने बसवली गेली. पुढे जास्त जड इंजिन आले की कोणत्याही गाडीचा कल अंडरस्टिअरकडे झुकतो. सुटे भाग बदलताना वजनाची वाटणी बदलते, आणि वाटणी बदलली की गाडीचा स्वभावही बदलतो. गेममध्ये इंजिन बदलल्यावर जुने सेटअप निरुपयोगी ठरते ते याच कारणाने.

शर्यतीच्या मैदानात या विद्येला १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेग आला. १९६६ मध्ये अमेरिकेच्या चॅपरल गाडीवर उंच पंख दिसला आणि १९६८ मध्ये फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर पंख आले. मागचा पंख जास्त तिरका केला की वेगवान वळणात मागची चाके दाबून धरली जातात, मात्र सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा वाढतो. संथ वळणात पंखाचा उपयोग जवळजवळ होत नाही. त्यामुळे वेगवान वळणातला ओव्हरस्टिअर पंखाने आणि संथ वळणातला स्प्रिंग, बार व डिफरन्शियलने आवरायचा, ही विभागणी पिटमध्ये पक्की झाली. अमेरिकी चालक व अभियंता मार्क डोनोह्यू यांनी मोकळ्या गोल मैदानावर गाडी फिरवून पुढच्या आणि मागच्या पकडीचा तोल तपासण्याची पद्धत शर्यतींच्या तयारीत नेमाने वापरली.

व्हिडिओ गेमच्या सुरुवातीच्या काळात हे काहीच नव्हते. १९७४ चा ‘ग्रॅन ट्रॅक १०’ किंवा १९८२ चा ‘पोल पोझिशन’ यांत गाडीचा स्वभाव ठरलेला असे. १९८४ मध्ये जेफ क्रॅमंड यांनी बीबीसी मायक्रो संगणकासाठी ‘रेव्ह्ज’ हा फॉर्म्युला थ्री गाडीचा खेळ लिहिला. त्यात पुढच्या आणि मागच्या पंखांचा कोन खेळाडूला ठरवता येई. अवघ्या काही किलोबाइट स्मृतीत पुढची-मागची पकड वेगळी मोजली गेली, म्हणूनच ओव्हरस्टिअर ही गोष्ट खेळात शक्य झाली. १९८९ च्या ‘इंडियानापोलिस ५००: द सिम्युलेशन’ने टायरमधली हवा, चाकांचा कल आणि पंख असा मोठा संच खेळाडूच्या हाती दिला. १९९६ च्या ‘ग्रँड प्रिक्स २’मध्ये स्प्रिंग आणि डॅम्परही आले.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘ग्रॅन टुरिझ्मो’ने ही विद्या तज्ज्ञांच्या वर्तुळातून बाहेर काढली. काझुनोरी यामाउची यांच्या या खेळाच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. महागडे सस्पेन्शन विकत घेतल्यावरच स्प्रिंग, डॅम्पर आणि बारचे आकडे बदलता येत, त्यामुळे आकडा बदलला की काय होते हे शिकण्याची ओढ लागे. याउलट १९९८ चा ‘ग्रँड प्रिक्स लेजंड्स’ १९६७ च्या हंगामावर होता. त्या साली पंखच नव्हते, टायर अरुंद होते आणि इंजिने बलवान होती. मागची चाके ॲक्सिलरेटरवरच्या पायाने आणि डिफरन्शियलने सांभाळावी लागत. अवघडपणासाठी हा खेळ प्रसिद्ध झाला आणि गांभीर्याने सेटअप करणाऱ्यांची एक पिढी त्यावर तयार झाली.

२००५ मध्ये ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ आणि ‘आरफॅक्टर’, २००८ मध्ये ‘आयरेसिंग’ आणि २०१४ मध्ये ‘असेत्तो कोर्सा’ आले. २००९ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ३’मध्ये खेळातल्या चलनाच्या बदल्यात स्वतःचे सेटअप विकण्याची सोय झाली आणि ‘ट्यूनर’ हा खेळातला स्वतंत्र व्यवसायच बनला. ‘आयरेसिंग’मध्ये मात्र काही स्पर्धांत सर्वांना एकच ठरलेले सेटअप दिले जाते, म्हणजे कसोटी केवळ चालवण्याची राहते. भारतात याच काळात शहरांतल्या सायबर कॅफेंमध्ये ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’ लोकप्रिय होता. त्यात गाडीच्या हाताळणीचा कल बदलण्यासाठी साधी पट्टी होती. सप्टेंबर २०११ मध्ये बाजारात आलेल्या ‘एफ१ २०११’ या खेळात ग्रेटर नोएडाचे ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध सर्किट होते. तिथली पहिली भारतीय ग्रँड प्रिक्स ३० ऑक्टोबरला झाली, म्हणजे खेळाडूंनी त्या सर्किटसाठी गाड्या सेट केल्या त्या खऱ्या शर्यतीच्या आधी.

इतक्या वर्षांत उपायांचा क्रम स्थिर झाला आहे. आधी दोष कुठे होतो ते पाहावे. वळणात शिरताना ब्रेक लावल्यावर मागचा भाग सुटत असेल, तर ब्रेकचा जोर थोडा पुढे सरकवावा आणि ॲक्सिलरेटर सोडतानाचे डिफरन्शियल थोडे घट्ट करावे. वळणाच्या मध्यात सुटत असेल, तर मागचा बार किंवा मागची स्प्रिंग सैल करावी, अथवा पुढची कडक करावी. बाहेर पडताना ॲक्सिलरेटरवर सुटत असेल, तर दाबतानाचे डिफरन्शियल मोकळे करावे. फक्त वेगवान वळणात सुटत असेल, तर मागचा पंख वाढवावा. मागच्या चाकांची पुढची टोके किंचित आत वळवल्याने गाडी सर्वच टप्प्यांत स्थिर होते, पण टायर जास्त तापतात. एका वेळी एकच बदल करून त्याच वळणावर पुन्हा तपासावे, नाहीतर कोणत्या उपायाने काय झाले हे कळत नाही.

यांतील बहुतेक उपायांत मागच्या चाकांना दिलेली स्थिरता पुढच्या चाकांच्या पकडीतून किंवा सरळ रस्त्यावरच्या वेगातून वळती केलेली असते. ओव्हरस्टिअर पूर्ण नाहीसा केलेली गाडी सुरक्षित असते, पण वळायला नाखूश असते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत कारखाने आजही अंडरस्टिअर ठेवतात आणि शर्यतीत, मग ती खरी असो वा पडद्यावरची, चांगला ट्यूनर चालकाच्या हाताला पेलेल एवढा ओव्हरस्टिअर शिल्लक ठेवतो.