कौटुंबिक ऑडिओ ॲप : आवाज आपला, ठेव कोणाकडे?

इंदूरमधील आपल्या अनेक मराठी घरांतली नातवंडे आज पुणे, बंगळुरू किंवा परदेशात वाढत आहेत. त्यांना मराठी समजते, पण बोलताना अडखळायला होते. आजी-आजोबांनी गोष्ट, आरती किंवा घराण्याची हकिकत आपल्या आवाजात भरून ठेवावी आणि नातवंडांनी ती झोपताना ऐकावी, अशी सोय करणारी छोटी ऑडिओ ॲप सभासदांच्या फोनवर दिसू लागली आहेत. सोय चांगलीच आहे. मात्र हा आवाज म्हणजे आपण परक्याच्या हाती दिलेली ठेव आहे, हे विसरू नये. बँकेत ठेव ठेवताना आपण पावती, मुदत आणि वारसाचे नाव पाहतो. इथेही तशीच चौकशी करावी, यासाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

ॲप काय काय घेते

मोबाइल क्रमांक किंवा ई-मेल, आपले नाव, नातवंडाचे नाव व वय आणि रेकॉर्डिंग ही माहिती आपण स्वतः देतो. याशिवाय फोनचे मॉडेल, आयपी ॲड्रेस, कोणती गोष्ट किती वाजता ऐकली व कुठे थांबवली, याच्या नोंदी आपोआप होतात.

फॉर्मपेक्षा जास्त माहिती रेकॉर्डिंगमध्येच असते, हे आपल्या लक्षात येत नाही. गोष्ट सांगता सांगता आजी नातवाच्या शाळेचे नाव घेते, गल्ली सांगते, आजोबांच्या शस्त्रक्रियेचा विषय निघतो. आवाज हीसुद्धा माणसाची ओळखच आहे. नातेवाइकाच्या आवाजाची नक्कल करून पैसे मागण्याचे प्रकार आता घडत आहेत.

वर्गणी भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी टोकन वापरले जाते. कोणी कार्डाचा फोटो मागितला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

माहिती कुठे जाते

छोट्या ॲपचालकाकडे सहसा स्वतःचा सर्व्हर नसतो. मोठ्या क्लाउड कंपनीकडून तो जागा भाड्याने घेतो. फोनपासून तिथपर्यंतच्या प्रवासात रेकॉर्डिंग सांकेतिक रूपात जाते, पण पोहोचल्यावर किल्ली बहुधा चालकाकडेच असते. ‘आमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे’ या वाक्याचा अर्थ ‘आम्हाला तो ऐकता येत नाही’ असा होतोच असे नाही. शिवाय सूचना पाठवणे, बिघाडाची नोंद घेणे, वापर मोजणे, बोललेल्याचे लिखित रूप करणे ही कामे अनेकदा वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात. त्या कोणत्या आणि त्यांना काय मिळते, हे गोपनीयता धोरणात स्पष्ट लिहिलेले असावे.

प्ले स्टोअरवरील ‘डेटा सेफ्टी’ किंवा ॲपलच्या स्टोअरवरील गोपनीयतेची माहिती जरूर पाहावी. मात्र ती ॲप बनवणाऱ्याने स्वतः भरलेली असते. तिला लेखापरीक्षकाचा दाखला समजू नये.

चूक झाली तर काय होते

क्लाउडपेट्स हे अमेरिकेतील उदाहरण बोलके आहे. आई-वडील किंवा आजी-आजोबा ॲपमधून निरोप पाठवत आणि मूल तो मऊ खेळण्यातून ऐके. फेब्रुवारी २०१७ मध्ये उघड झाले की या कंपनीचा डेटाबेस पासवर्डविना इंटरनेटवर उघडा होता. आठ लाखांहून अधिक खात्यांची माहिती त्यात होती, आणि वीस लाखांहून अधिक कौटुंबिक निरोपांपर्यंत बाहेरच्याला पोहोचता येत होते. कंपनीला आधी इशारे देऊनही दखल घेतली गेली नव्हती.

मोठ्या कंपन्यांकडेही सगळे ठीक असते असे नाही. मे २०२३ मध्ये ॲमेझॉनने अलेक्सावरील मुलांच्या आवाजाच्या प्रकरणात अडीच कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. मुलांची रेकॉर्डिंग कंपनीने गरजेपेक्षा जास्त काळ ठेवली आणि पालकांनी सांगूनही माहिती पूर्ण पुसली नाही, असा तेथील सरकारचा आरोप होता.

आपला कायदा काय सांगतो

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ॲपचालकांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. आपल्या कामाच्या तरतुदी अशा :

• कोणती माहिती कशासाठी घेतो हे सांगून संमती घ्यावी लागेल. दिलेली संमती परत घेता येईल.
• ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. आपण मध्य प्रदेशात राहत असलो, तरी मराठीत मागू शकतो.
• अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. काही अपवाद सोडता मुलांवर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे.
• माहिती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून घेण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क आहे.
• सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

नवउद्योगांना काही कलमांतून सूट देण्याचा अधिकार मात्र सरकारकडे आहे. त्यामुळे ॲप छोटे असेल, तर चौकशी अधिकच करावी.

वारसाचा प्रश्न

आमच्या परिचयातील एका घरी आजींनी दोन वर्षे अशा ॲपवर गोष्टी भरल्या होत्या. खाते त्यांच्या मोबाइल क्रमांकावर होते. त्या गेल्यानंतर घरच्यांनी सिम बंद केले. पुढे लॉग-इनचा ओटीपी येईना. ॲपचालकांना मेल केले, तेव्हा खातेदाराशिवाय कोणालाही प्रवेश देता येत नाही, असे उत्तर आले. नियमाने त्यांचे चूक म्हणता येत नाही. पण त्या गोष्टी, आणि त्यातली ती जुनी इंदुरी मराठी, त्या घराला पुन्हा ऐकायला मिळाली नाही.

नव्या कायद्यात आपल्या पश्चात हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. बँकेतल्या नामनिर्देशनासारखीच ती वाटते, पण फरक आहे. आपली माहिती जशीच्या तशी परत घेऊन दुसरीकडे नेण्याचा स्वतंत्र हक्क हा कायदा देत नाही. म्हणून मूळ प्रत आपल्याकडे ठेवणे हाच खरा उपाय.

वापरण्यापूर्वी

१. चालकाचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क धोरणात आहे का पाहा. नसेल, तर ॲप घेऊ नका.
२. मायक्रोफोनला ‘ॲप वापरताना’ एवढीच परवानगी द्या. संपर्क यादी आणि लोकेशन यांची अशा ॲपला गरज नसते.
३. नातवंडाचे लाडाचे नाव वापरा. पूर्ण जन्मतारीख, शाळा, पत्ता बोलू नका.
४. आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरणार का, हे विचारा. नकार देण्याची सोय असल्यास नकार द्या.
५. ॲप फोनमधून काढल्याने खाते बंद होत नाही. खाते हटवण्याचा वेगळा पर्याय वापरा, आणि बॅकअपमधून माहिती किती दिवसांत जाते ते विचारा.
६. प्रत्येक रेकॉर्डिंगची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. ती उघडते का, हे वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत, तपासा.
७. आवाजाची नक्कल करून पैसे मागितल्याचा संशय आला, तर फोन ठेवून त्या नातेवाइकाला नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

घरातील ज्येष्ठांच्या फोनवर असे ॲप असेल, तर मुला-सुनांनी या आठवड्यात त्यांच्याशेजारी बसून निदान सहावा मुद्दा तरी पार पाडावा, अशी सर्व सभासदांना आमची विनंती आहे.