कापड कुठलं आणि कुणाच्या कष्टाचं?

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्यात, येवल्याला, पैठणी घेताना जाणती बाई पदर उलटा करून बघते. हातमागावरच्या अस्सल पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रावरची नक्कल मागच्या बाजूला उघडी पडते. ही कापडाची पारख झाली. पण कापडामागच्या माणसाची विचारपूस आपल्या समाजानं कधी केली का? केली, पण बरीचशी अर्धवट.

1877 साली सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, दिल्ली दरबाराला खादीचा पोशाख करून गेले. 1905 साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेणारे विनायक सावरकर आपल्या भगूरचे. ‘कापड कुठलं?’ हा प्रश्न असा घरोघर पोचला. तो रास्तच होता. 1896 पासून सरकार देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर घेत होतं, तो लँकेशायरच्या सोयीसाठी.

दुसरा प्रश्न होता, ‘हे कापड कुणी, किती तास राबून केलं?’ तो विचारला सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884 साली त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. मागण्या काय? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. तोवर 1881 चा कायदा होता, पण त्यातली कामाच्या तासांची मर्यादा फक्त मुलांपुरती. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम! मोठ्यांच्या तासांना मर्यादाच नाही.

इथे एक पेच होता. भारतात कारखाना कायदा व्हावा असं लँकेशायरच्या मालकांनाही वाटत होतं, स्वतःच्या फायद्यासाठी. म्हणून आपल्याकडच्या अनेक राष्ट्रवादी पत्रांनी कायद्याला विरोध केला. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा एवढं सांगतो, की मागणाऱ्याचा हेतू स्वार्थी असला म्हणून मागणी अन्यायाची ठरत नाही. लोखंडे यांना हे कळलं होतं. मालक परका असो वा आपला, थकणारं शरीर तेच. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. 1891 च्या कायद्यानं साप्ताहिक सुट्टी आली आणि स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली.

आज बाजारात ‘ऑर्गॅनिक’, ‘सस्टेनेबल’ अशी लेबलं दिसतात. सूत कुठलं, रंग कुठला, हे ती सांगतात. चांगलंच आहे. पण तेवढ्यावरून शिवणारीची मजुरी कळत नाही. 2013 साली ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून 1,100 हून अधिक माणसं गेली. इमारतीला तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. तिथले कपडे जगभरच्या दुकानांत जात होते.

आपल्याला फार लांब जायला नको. मालेगावचा यंत्रमाग आणि येवल्याचा हातमाग, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात. पैठणी घ्याल तेव्हा पदर उलटून बघाच, पण दुकानदाराला हेही विचारा, की विणायला किती दिवस लागले आणि विणकराला मजुरी किती मिळाली. उत्तर मिळेलच असं नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर अकराव्यासाठी दुकानदाराला उत्तर तयार ठेवावं लागेल. आपण बहुतेक जण खरेदीला रविवारी जातो. ती सुट्टीसुद्धा गिरणीकामगारांना अर्ज करून मागावी लागली होती.